प्रश्नांसह जगलेली श्रद्धा



श्रद्धा म्हणजे मनात एकही शंका न उरणं, असं आपण समजतो. समाजसुधारक पंडिता रमाबाईंचं आयुष्य वेगळं सांगतं. आईवडील दुष्काळात गेले, 1882 मध्ये पती गेले. पुढच्या वर्षी इंग्लंडमधल्या वाँटेज इथे त्यांनी बाप्तिस्मा घेतला. पण प्रश्न मिटले नाहीत. ख्रिस्ती सिद्धान्तांविषयी, चर्चच्या अधिकाराविषयी त्या वाँटेजच्या मठातल्या सिस्टर जेराल्डीन यांच्याशी पत्रांतून निकराने वाद घालत राहिल्या.

हात मात्र थांबले नाहीत. 1889 मध्ये त्यांनी मुंबईत विधवांसाठी शारदा सदन काढलं. 1896-97च्या दुष्काळात सापडलेल्या मुलींना त्यांनी केडगावला आसरा दिला. त्यांनी तिथे उभारलेल्या मुक्ती मिशनच्या छापखान्यात खिळे जुळवायला बायकाच बसत. रमाबाई हिब्रू आणि ग्रीक शिकल्या, आणि साध्यासुध्या बाईलाही वाचता यावं म्हणून त्यांनी बायबल सोप्या मराठीत आणलं. 1921 मध्ये एकुलती एक लेक मनोरमा गेली. त्या दुःखातही त्यांनी भाषांतराचं काम तडीस नेलं, आणि एप्रिल 1922 मध्ये डोळे मिटले.

श्रोतेहो, सगळी उत्तरं मिळेपर्यंत थांबायचं नसतं. शंका मनात असतानाही दारात आलेल्या भुकेल्याला भाकरी द्यायची, हीसुद्धा श्रद्धाच.