रिपोर्टातलं पाणी

बीड, लातूर, धाराशिवहून सोलापुरात आलेल्या डॉक्टर मित्रमैत्रिणींनो, गड्ड्याची यात्रा आटोपली आहे, म्हणून गाड्या लावायला जागा तरी मिळाली असेल. संध्याकाळी हुरडा आहे, पळू नका.

गर्भाशयमुखात साठणाऱ्या पाण्याला अख्खं सत्र कशाला, असं आमच्याच समितीत काहींना वाटलं. त्यांना म्हटलं, ओपीडीत बसून बघा. बाई पिशवीतून चुरगळलेला सोनोग्राफीचा रिपोर्ट काढते नि विचारते, "तोंडाशी पाणी झालंय म्हणत्यात. पिशवी काढावीच लागंल का?"

बहुतेकदा त्या असतात नाबोथियन सिस्ट. मुखावरच्या ग्रंथींची तोंडं नव्या आवरणाखाली झाकली जातात, चिकट स्राव आत अडकतो, एवढंच. लायप्झिगच्या मार्टिन नाबोथने १७०७ मध्ये त्यांचं वर्णन केलं. त्याला ती स्त्रीबीजं वाटली होती. आपल्याकडे अजून कुणाकुणाला त्यात ऑपरेशन दिसतं. त्रास नसेल तर उपचार लागत नाही.

पाळी गेलेल्या बाईचं जरा वेगळं. वयाने मुखाचा मार्ग आक्रसतो. रेडिएशन, कोनायझेशन यांनंतर व्रण धरूनही तो बंद होतो आणि स्राव वर गर्भाशयात तुंबतो. पाणी थोडं, अस्तर पातळ, रक्तस्राव नाही, तर लक्ष ठेवलेलं पुरतं. रक्तस्राव असेल किंवा अस्तर जाड असेल, तर मार्ग मोकळा करून अस्तराचा तुकडा तपासणीला पाठवायलाच हवा. पू असेल तर निचरा आणि अँटिबायोटिक हवेतच, पण मागे कॅन्सर लपलेला नाही ना, हे बघितल्याशिवाय सुटका नाही. डायलेटर घालताना सोनोग्राफीचा आधार घ्या. या वयातलं गर्भाशय सहज फाटतं.

नको तिथे पिशवी काढण्याची घाई आपल्याकडे नवी नाही. २०१९ मध्ये ऊसतोड बायकांच्या काढलेल्या गर्भपिशव्यांवरून बीडचं नाव गाजलं, शासनाला चौकशी समिती नेमावी लागली. त्याच्या दहाच वर्षं आधी शेजारच्या उस्मानाबादेत, म्हणजे आजच्या धाराशिवात, सव्वा लाखाहून अधिक बायकांवर झालेला अभ्यास प्रसिद्ध झाला होता: एकदाच केलेल्या एचपीव्ही चाचणीने गर्भाशयमुखाच्या कॅन्सरचे मृत्यू जवळपास निम्म्यावर आले. बार्शीच्या कॅन्सर रुग्णालयाचा त्यात मोठा वाटा. म्हणजे तपासणीने काय साधतं, हे आपल्याच भागात सिद्ध झालेलं होतं. तरी तपासणीऐवजी पिशव्या निघत राहिल्या.

याचा जाब आज एकमेकांना जरूर विचारा. चहा बाहेर तयार आहे. पहिलं सत्र बरोबर दहाला.