खडकातला वायू आणि हाती आलेला वायू



लोअर परळमध्ये इंधनावर बोलायला फार प्रस्तावना लागत नाही. इथल्या गिरण्या आधी कोळशाच्या वाफेवर आणि 1915 नंतर हळूहळू खोपोलीहून येणाऱ्या विजेवर चालल्या. शेजारच्या लालबागमध्ये गॅस कंपनी होती. कोळशापासून केलेल्या तिच्या वायूवर मुंबईचे रस्त्यांवरचे दिवे जळत.

1974 साली ‘सागर सम्राट’ या समुद्रातल्या खोदकाम-रिगने किनाऱ्यापासून सुमारे 160 किलोमीटरवर बॉम्बे हायचं तेल शोधलं. ते सापडलं चुनखडकात, पण जन्मलं होतं शेलमध्ये, म्हणजे चिखलापासून बनलेल्या थरदार खडकात. तिथून सरकत सरकत चुनखडकात येऊन साठलं. म्हणजे शेलचं तेल आपण कित्येक वर्षं वापरतोच आहोत. प्रश्न आहे तो शेलमधून बाहेरच न पडलेल्या तेल-वायूचा.

तो किती आहे? अमेरिकेच्या ऊर्जा माहिती प्रशासनाने 2013 मध्ये सांगितलं, भारतात शेलमधला 96 ट्रिलियन घनफूट वायू काढण्याजोगा आहे. तिथल्याच भूगर्भ सर्वेक्षण खात्याचा त्याआधीचा अंदाज तीन खोऱ्यांपुरता 6.1 होता. दोघांनी धरलेली खोरी तंतोतंत तीच नव्हती, हे मान्य. तरीही एवढी तफावत पाहून अभियंत्याने मोठा आकडा भाषणात वापरण्याआधी थोडं थांबावं. शिवाय ‘काढण्याजोगा’ म्हणजे तंत्राने शक्य. परवडेल की नाही, हे त्यात कुणी सांगितलेलं नसतं.

ओएनजीसीने जानेवारी 2011 मध्ये पश्चिम बंगालमधल्या दुर्गापूरजवळ शेलमधून वायू काढून दाखवला. 2013 मध्ये सरकारचं शेल वायूचं धोरण आलं, गुजरातेत जंबुसरला विहीर खोदली गेली. व्यापारी उत्पादन मात्र उभं राहिलं नाही. पोलंडचंही असंच झालं: आधी प्रचंड अंदाज, मग कपात, आणि 2012 मध्ये एक्सॉनमोबिल तिथून बाहेर.

अमेरिकेत जमलं ते नुसत्या खडकामुळे नाही. जॉर्ज मिचेलच्या कंपनीने टेक्सासच्या बार्नेट शेलमध्ये पहिली विहीर 1981 मध्ये घेतली. अडकलेला वायू मोकळा करायला स्वस्तात खडक फोडण्याची युक्ती साधायला 1998 उजाडलं. तिथे शेतमालकाची मालकी अनेकदा जमिनीखालच्या खनिजावरही असते, त्यामुळे विहीर लागली की त्याला रॉयल्टी मिळते. आपल्या शेतकऱ्याला मिळतो तो जमिनीचा मोबदला, आणि विहीर मात्र त्याच्या बांधाला. तो कशाला हो म्हणेल? त्यात पाणी. एका विहिरीचा खडक फोडायला अमेरिकेत साधारण 57 लाखांपासून 6 कोटी लिटरपर्यंत पाणी लागतं. आज पदवी घेणाऱ्या, मराठवाड्यातून आलेल्या मुलांना याचा अर्थ समजावून सांगायला नको.

मुंबईच्या भांडवलाने यावर आपला मार्ग काढला. रिलायन्सने 2010 मध्ये अमेरिकेतल्या तीन शेल प्रकल्पांत भागीदारी घेतली. भाव पडले, आणि 2021 पर्यंत कंपनी तिथून बाहेर पडली. सरकारी कंपनी गेलने मात्र तिथला वायूच विकत घ्यायचा करार केला. 30 मार्च 2018 रोजी लुईझियानाहून द्रवरूप वायूचं जहाज लागलं ते दाभोळला! एन्रॉनच्या वीजप्रकल्पाने ज्या गावाचं नाव घरोघरी पोचवलं, तिथेच. लाटा अडवणारा बंधारा अपुरा असल्याने हे टर्मिनल कित्येक वर्षं पावसाळ्यात बंद ठेवावं लागे. अमेरिकेतला खडक फुटला, पण आपल्याकडे अडलं ते कोकणच्या समुद्रात.

महाराष्ट्राचा बहुतेक भाग बेसॉल्ट या लाव्हाखडकाने झाकलेला आहे, त्यामुळे इथे मोठी आशा धरू नये. माझा कौल गुजरातेतल्या खंबातच्या खोऱ्याला. तिथे जुन्या विहिरी आहेत, पाइपलाइन आहे, खडकाचे नमुने आहेत. मोजक्या विहिरी घ्याव्यात, विहिरीतून परत येणाऱ्या खारट पाण्याचा हिशेब जाहीर करावा, आणि गावाला उत्पन्नात वाटा द्यावा. हा वाटा कायद्यात कसा बसवायचा, हे काम भूगर्भशास्त्रज्ञाचं नाही. तुमच्यातले जे विधी आणि अर्थशास्त्राची पदवी घेऊन बाहेर पडताहेत, त्यांचं आहे.