माझं रडणं मनावर घेऊ नका
(स्नेहमेळाव्यातील मनोगत)



मागच्या मेळाव्याला मी आलो नाही. ग्रुपवर गुडघेदुखीचं कारण कळवलं होतं, ते खोटं होतं. चारचौघांत रडू येईल याची भीती वाटत होती. छडी खाऊनही न रडणारा म्हणून वर्गात माझी ख्याती होती. (सर हसतायत!)

स्ट्रोकनंतर डावा हात-पाय फिजिओथेरपीने बराच सुधारला. त्याची चौकशी तुम्ही सगळ्यांनी केलीत. पण घरी आल्यावर नवाच प्रकार सुरू झाला. साबणाची जाहिरात लागली तरी डोळ्यांना धारा. भाजीवाल्याने "काका, बरे आहात ना?" विचारलं की हुंदका. आणि एकदा शेजाऱ्यांकडे तेराव्याला गेलो असताना हसू फुटलं, ते आवरेचना. त्या घरापुढून जायला मला अजून नको वाटतं.

बायको विचारायची, "कशाचं एवढं वाईट वाटतंय?" मला तर वाईट वाटतच नव्हतं! हे तिला पटेना, मग मी तिच्यावर ओरडायचो. तो राग मात्र खरा होता. जन्मभर बँकेत हिशेब केलेल्या माणसाला सुटे पैसे मोजताना घाम फुटत होता.

शेवटी तिनेच न्यूरॉलॉजिस्टना सांगितलं. ते म्हणाले, "हसण्या-रडण्याला मेंदूचा लगाम असतो. झटक्यात तो सैल झालाय." उदासी, म्हणजे डिप्रेशन, ही वेगळी गोष्ट. स्ट्रोकनंतर साधारण तिघांतल्या एकाला ती गाठते. मलाही गाठलं होतं. दोन्हींसाठी एकच गोळी दिली. "वेड्याची गोळी" म्हणून मी ती सहा महिने कपाटात ठेवली. घ्यायला लागल्यावर काही आठवड्यांत रडणं निम्म्यावर आलं. ते सहा महिने बायकोने काढले, मी नव्हे.

तर आज जेवताना मला रडू आलंच, तर पानावरून उठून पाठीवर हात फिरवायला येऊ नका, त्याने ते वाढतं. तुमच्या गप्पा चालू ठेवा. मी एक दीर्घ श्वास घेईन, खिडकीबाहेर बघेन, मिनिटभरात थांबेल. आणि बायको तिसऱ्या रांगेत बसली आहे. माझ्या तब्येतीची चौकशी करण्याआधी जरा तिची करा.