आमच्या वर्गातली बाजी
(वस्तीतल्या रविवारच्या अभ्यासवर्गाच्या पालकसभेत केलेलं भाषण)

मित्रहो, आणि मागे उभ्या असलेल्या सगळ्या आयांनो, आधी पुढे येऊन बसा.

मी सॉफ्टवेअर इंजिनिअर. शिकवण्याचं शिक्षण मी घेतलेलं नाही, त्यामुळे आज सल्ला कमी देईन आणि माझी चूक जास्त सांगेन.

आपला वर्ग सुरू झाला तेव्हा मी गणिताचं एक अ‍ॅप बनवलं. मुलं पाचवीची, म्हणून प्रश्नही पाचवीचे. रंग, आवाज, बक्षिसाचे तारे, सगळं होतं. महिन्याभराने पाहिलं तर ताऱ्यांचा नुसता पाऊस. मी खूश! मग एकदा एका मुलीशेजारी बसलो. ती प्रश्न वाचतच नव्हती. तारा मिळेपर्यंत चारही पर्याय एकेक करून दाबत होती. म्हटलं, बावन्नातून सतरा वजा कर. गप्प. तिला हातचा माहीत नव्हता आणि माझं अ‍ॅप तिला भागाकार विचारत होतं.

त्यानंतर मी 'प्रथम' संस्थेच्या 'बालसखी' उपक्रमाबद्दल वाचलं. अभिजित बॅनर्जी, एस्थर डुफ्लो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2001 ते 2003 या काळात मुंबई आणि वडोदऱ्यात त्याचा अभ्यास केला. तिसरी-चौथीत मागे पडलेली पंधरा-वीस मुलं शाळेच्या वेळातच दोन तास वेगळी बसायची, वस्तीतल्याच एका तरुणीकडे. तिचं मानधन महिन्याला 500 ते 750 रुपये. ती चौथीचा धडा घेत नसे. पहिली-दुसरीत राहून गेलेलं शिकवायची. मुलांचे गुण वाढले, आणि सर्वांत मागे असलेल्यांचे जास्त.

वडोदऱ्यात कॉम्प्युटरवरचे गणिताचे खेळही तपासले होते. गणितात त्यांचा फायदा बालसखीपेक्षा मोठा दिसला, हे मी लपवणार नाही. पण ते खेळ मुलाच्या उत्तरानुसार सोपे-अवघड होत. माझं अ‍ॅप तेवढंही करत नव्हतं. खर्चाच्या मानाने बालसखीच परवडत होती. वर्षभराने मात्र दोन्हींचा परिणाम बराच ओसरला. म्हणजे चार महिने शिकवून सोडून देण्यासारखं हे काम नाही.

मग आपण वर्गात इयत्ता बाजूला ठेवली आणि कुणाला काय येतं त्यावर गट पाडले. एक गट दहावी झालेल्या, आपल्याच गल्लीतल्या मुलीकडे दिला. मुलं तिला बाजी म्हणतात. तिने आगपेटीच्या काड्यांचे दहा-दहाचे जुडे बांधले. दोन काड्यांतून सात कशा जाणार? तर दहाची नोट मोडून सुट्टे घेतो तसा एक जुडा सोडायचा. दुकानात रोज जाणाऱ्या पोरांना हे लगेच कळलं. ती तारे जमवणारी मुलगी त्या दिवशी ओरडली, "पस्तीस! बाजी, मैंने खुद निकाला!"

आता मुद्द्याचं. बाजी पाच महिने फुकट शिकवते आहे. घरचे म्हणतात, त्या वेळात शिवणकाम केलं तर चार पैसे येतील. त्यांचं काय चुकलं? आणि आपण वर्गणी कशासाठी जमवतोय? चार टॅब्लेटसाठी. तो प्रस्ताव माझाच होता, मी तो मागे घेतो. जमलेल्या पैशांतून बाजीला दर महिन्याला मानधन द्यावं, आणि दुसऱ्या गटासाठी आणखी एक मुलगी शोधावी. कुणाच्या घरात अशी मुलगी असेल तर सभा संपल्यावर मला भेटा. तिच्या अब्बांशी बोलायला मी येईन, पण बरोबर तुमच्यापैकी दोघी हव्यात.