सेकंदाला ४ कोटी, ठेवायचे काही हजार

मागच्या वर्षी ऑफिसात मी एक फिल्टर लिहिला. सर्व्हरचे लॉग फार साचत होते, म्हणून 'नॉर्मल' दिसणाऱ्या ओळी साठवायच्याच नाहीत, असा. दोन आठवड्यांनी एक बग आला. पुरावा नेमका त्या नॉर्मल ओळींत होता. गेला तो गेलाच. आता बघा, जिनिव्हाजवळ सर्नमध्ये लोक हेच काम करतात, आणि तिथे तर पर्यायच नाही.

२७ किलोमीटर घेराच्या एलएचसी यंत्रात प्रोटॉनचे पुंजके दर २५ नॅनोसेकंदांनी समोरासमोर येतात. म्हणजे सेकंदाला ४ कोटी वेळा. (मधल्या काही जागा रिकाम्या असतात, ते सोडा.) एका वेळचा डेटा साधारण १ एमबी धरा आणि करा गुणाकार: सेकंदाला ४० टीबी! ठेवणार कुठे? म्हणून ट्रिगर.

तिथल्या सीएमएस प्रयोगाची पहिली गाळणी एफपीजीएवर चालते, म्हणजे जिची आतली जोडणीच प्रोग्रॅम करता येते अशी चिप. निर्णयाला वेळ किती? साधारण ४ मायक्रोसेकंद, तेही सिग्नलचा केबलमधला प्रवास धरून! तोवर पूर्ण डेटा डिटेक्टरवरच बफरमध्ये थांबलेला. कणांचे बारीक ट्रॅक बघायला सवड नाही, ऊर्जा आणि म्युऑन यांचा ढोबळ अंदाज घ्यायचा. 'नाही' म्हटलं की डेटा कायमचा पुसला. उरतात लाखभर, त्यातून कंप्युटर फार्म काही हजार निवडतो.

२०१२ साली जाहीर झालेला हिग्ज बोसॉन अशाच गाळणीतून आला. दोन जोरदार फोटॉन दिसले की ठेवा, असा एक नियम होता, कारण काय शोधायचंय ते माहीत होतं. पण जे कुणाला सुचलेलंच नाही, त्याचा नियम कसा लिहिणार? नवीन फिजिक्स आपणच रोज कचऱ्यात टाकत असू तर? मला ही भीती खरी वाटते.

म्हणून ते थोडे इव्हेंट डोळे झाकून, रँडम उचलतात. अशाच डेटावर शिकवलेलं एक छोटं न्यूरल नेटवर्क सीएमएसने २०२४ मध्ये पहिल्या गाळणीतच चालवलं. ते कुठला ठरावीक कण शोधत नाही. हे नेहमीसारखं दिसतंय का, एवढंच बघतं. नसेल दिसत, तर ठेवा.

मीही फिल्टरमध्ये एक नियम वाढवलाय: हजारातली एक नॉर्मल ओळ रँडम ठेवायची. मॅनेजरनी स्टोरेजचं बिल दाखवलं. मी त्यांना तो जुना बग दाखवला.