शाळा आणि घर
(केंद्रातील शिक्षक परिषदेत झालेले भाषण)



पालक शाळेकडे फिरकत नाहीत, ही तक्रार आपल्या प्रत्येक सभेत होते. ती खोटी नाही. परंतु आपण पालकांस बोलावतो केव्हा, याचाही विचार व्हावयास हवा. मुलाने खोडी केली, वर्गणी हवी असली किंवा कागदावर सही राहिली, म्हणजे आपण निरोप धाडतो. ज्या दारी नेहमी दोषच ऐकावा लागतो, त्या दारी माणूस आपण होऊन कसा जाईल?

माझाच एक अनुभव सांगतो. तिसरीतील एक मुलगा वाचनात फार मागे होता. त्याच्या वहीत लिहून मी घरी तीन वेळा निरोप पाठविला. उत्तर आले नाही. आई निष्काळजी आहे, असे मनाशी ठरवून मी मोकळा झालो. पुढे त्यांच्या वाडीत जाणे झाले, तेव्हा ती माउली मोठ्या समाधानात दिसली. वडील मुंबईस नोकरीला. आईस अक्षरओळख नव्हती. माझे निरोप तिला वाचून दाखविणारा तो मुलगाच होता, आणि त्याने पदरचे पुष्कळ घातले होते! आता भ्रमणध्वनीवरून निरोप जातात. पण अशा आईस तेही तितकेच मुके.

मी तिला एवढेच सांगितले : रोज दिवेलागणीस मुलाला एक पान मोठ्याने वाचावयास लावा, काम करता करता ऐका, आणि पान न अडखळता पार पडले की डब्यात एक चिंचोका टाका. महिन्याने ती आपण होऊन शाळेत आली. तिने ११ चिंचोके टेबलावर मांडले आणि विचारले, "गुरुजी, बाकीच्या दिवसांचे काय?" त्या प्रश्नाने मी वरमलो. निरक्षर आई मुलाच्या शिक्षणाचा हिशेब ठेवू शकते, आणि आपल्यापाशी तो मागूही शकते, हे मला त्या दिवशी कळले.

हा हिशेब मागण्याचा अधिकार कायद्यानेही दिला आहे. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याप्रमाणे शाळा व्यवस्थापन समितीत किमान तीन-चतुर्थांश सभासद पालक असतात, आणि समितीत निम्म्या स्त्रिया असाव्या लागतात. शाळेच्या कारभारावर देखरेख ठेवणे, विकास आराखडा करणे आणि अनुदानाचा विनियोग पाहणे ही तिची कामे होत. परंतु आधीच लिहून ठेवलेल्या इतिवृत्तावर आपण माताभगिनींच्या सह्या किंवा अंगठे घेत असू, तर कायदा कागदावरच राहील. इतिवृत्त सभेत मोठ्याने वाचून दाखवावे आणि मगच सही घ्यावी.

सभेची वेळही गाव पाहून ठरवावी. आषाढात लावणी चालू असताना सकाळी ११ वाजता बोलावलेल्या सभेस कोण येणार? तेथे ती सायंकाळी, वाडीतच भरवावी. उलट हर्णैसारख्या बंदरात जून-जुलैत यांत्रिक मासेमारी बंद असते. बाप घरी असतो. तेथे शाळा उघडताच सभा घ्यावी. आणि मुंबईचे चाकरमानी गणपतीस व शिमग्यास येतातच. त्यांच्या मुक्कामात एक सायंकाळ शाळेसाठी मागून घ्यावी. त्या दिवशी देणगीचा विषय मात्र काढू नये. मुलाची वही त्यांच्या हाती द्यावी. याच जिल्ह्यातील मुरूडचे महर्षी कर्वे यांनी मुंबईस असताना गावच्या हिताच्या कामांसाठी मुरूड फंड उभारण्यात पुढाकार घेतला होता. गावाबाहेर गेलेला माणूस गावास परका होत नाही, हे आपण जाणतोच.

ज्यांच्या पटावर २० मुलेही नाहीत, अशा शाळा आपल्या जिल्ह्यात पुष्कळ आहेत. अशी शाळा टिकावयाची, तर ती आपली आहे असे गावास वाटले पाहिजे. आणि ते आज्ञापत्राने वाटत नाही.

म्हणून माझी विनंती एकच आहे. या महिन्यात प्रत्येकाने निदान पाच घरी जावे, तक्रार घेऊन नव्हे, तर मुलाचे एखादे चांगले काम सांगावयास. नंतर त्या घरास झेपेल असे एकच काम सोपवावे, आणि महिन्याने त्याची विचारपूस करावी. पालकांनी शाळेची पायरी चढावी, असे वाटत असेल, तर प्रथम आपण त्यांच्या अंगणात पाऊल ठेवले पाहिजे.