दोन वर्षांचे अभय



आईबापांनी कडेवर घेऊन सीमा ओलांडली, यात लेकराचा अपराध कोणता? अमेरिकेत लाखो मुलांपुढे हा प्रश्न उभा राहिला. अशा मुलांना सरकारी शाळेचे दार बंद करता येणार नाही, असा निर्णय तेथील सर्वोच्च न्यायालयाने १९८२ साली दिला. पण शाळा संपल्यावर पुढे काय? २००१ साली यासाठी विधेयक आले. ते संमत झाले नाही. अखेर २०१२ साली ओबामा सरकारने तोड काढली. सोळा वर्षे पुरी होण्याआधी आलेल्यांना, इतर अटी पाळल्यास, दोन वर्षे हद्दपारीपासून अभय आणि कामाचा परवाना. मुदत सरली की पुन्हा अर्ज! २०२१ साली टेक्सासमधील न्यायालयाने नवे अर्ज मंजूर करण्यास मनाई केली.

दुसरी वाट लग्नाची. परंतु चोरवाटेने आलेल्यास, जोडीदार अमेरिकन नागरिक असला तरी, व्हिसासाठी बहुधा देशाबाहेर जावे लागते. आणि सज्ञान झाल्यावर वर्षभर बेकायदा राहिला असेल, तर १९९६ च्या कायद्याने दहा वर्षे परतबंदी. सूट आहे, पण ती मागून मिळवावी लागते.

मंडळी, भाड्याच्या खोलीत बिऱ्हाड थाटता येते, अंगणात आंबा लावता येत नाही. अभय ही सरकारची मर्जी. हक्क द्यायचा तो कायदेमंडळानेच.